भजनाची वही आणि रेघ नसलेला चष्मा : मालवण तालुक्यातील एक प्रकरण

या प्रकरणातील गृहस्थ ५४ वर्षांचे असून मालवण तालुक्यातील एका किनारी वाडीत त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. वाडीच्या भजनी मंडळात ते पेटी घेऊन गातात, म्हणून सगळे गाव त्यांना बुवा म्हणते. येथेही तेच संबोधन ठेवले आहे. आषाढाच्या अखेरीस ते चष्म्याच्या दोन डब्या घेऊन आमच्या नेत्रतपासणी केंद्रात आले. एका डबीत आठवडा बाजारात घेतलेला +२.०० नंबरचा तयार चष्मा होता आणि दुसरीत मुलाने शहरातल्या एका मोठ्या दुकानातून हौसेने करून दिलेला प्रोग्रेसिव्ह (रेघ न दिसता वरून खाली लांबपासून जवळपर्यंतचा नंबर बदलत जाणारा) चष्मा. पहिल्या चष्म्याची किंमत दुसऱ्याच्या तुलनेत नगण्य होती, तरी बुवांचा सगळा व्यवहार पहिल्यावरच चालला होता. दुसरा लावला की भजनाची वही अंधुक दिसते, मान अवघडते आणि पायऱ्या उतरताना पाऊल कुठे पडते ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. गणपती महिन्या-सव्वा महिन्यावर आले होते आणि त्या दिवसांत वाडीतल्या घरोघरी भजनाला बसायचे असल्यामुळे त्यांना निकाल लवकर हवा होता. "माका वही दिसाक व्हयी, बाकी काय्येक नको," एवढीच त्यांची मागणी होती.

प्रोग्रेसिव्ह काच महाग असते, तेव्हा ती न जमल्यास दोष माणसाच्या सवयीचा असणार, असे ग्राहक आणि विक्रेता दोघेही पटकन मानून मोकळे होतात. बुवांनाही "सवय होईल" असेच सांगण्यात आले होते. सवय लागायला साधारण दोन आठवडे पुरतात. त्यानंतरही मान वाकडी करावी लागत असेल, तर काच, तिचा नंबर आणि तिची बसवणूक या तिन्ही गोष्टी पुन्हा तपासायला हव्यात, आणि या प्रकरणात तिन्हींत काही ना काही सापडले.

कोणत्या अंतरावर काय पाहायचे

नंबर काढण्यापूर्वी बुवांच्या दिवसाची चौकशी केली. दुकानातली उधारीची वही, मोबाईल आणि पुड्यांवरची मुदतीची तारीख हे सारे साधारण ४० सेंटिमीटरवरचे काम आहे. गल्ल्यासमोर उभे राहणारे गिऱ्हाईक एक-दीड मीटरवर असते. वरच्या फळीवरचे डबे मात्र हाताच्या अंतरावर आणि डोळ्यांच्या पातळीच्या वर असतात. माल आणायला ते स्कूटरने कुडाळला जातात. घर रस्त्याच्या खाली उतारावर असल्यामुळे चिऱ्याच्या पायऱ्या दिवसातून अनेकदा चढाव्या-उतराव्या लागतात आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते.

भजनाच्या अंतराबद्दल त्यांना नेमके सांगता येईना, म्हणून त्यांना केंद्रातच जमिनीवर मांडी घालून बसवले, पेटीच्या जागी एक ठेंगणे स्टूल ठेवले आणि त्यावर त्यांचीच वही टेकवली. डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर असल्यासारखे ते बसले, तेव्हा डोळ्यापासून वहीपर्यंतचे अंतर टेपने ६२ सेंटिमीटर भरले. पुस्तक हातात असते तेव्हा माणूस ते पुढे-मागे करून घेतो. पेटीवरच्या वहीला ती सोय नाही. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे जुळवून घेण्याचे सगळे काम मानेवर येऊन पडते.

नंबर

बुवांना मधुमेह असून गोळ्या चालू आहेत. रक्तातील साखर वाढलेली असताना डोळ्यातील नैसर्गिक भिंगात पाणी धरले जाऊन नंबर बदलतो आणि साखर आटोक्यात आली की तो पुन्हा सरकतो, म्हणून अशा व्यक्तीचा महागडा चष्मा एका तपासणीच्या भरवशावर करू नये. साखर स्थिर असल्याचा अहवाल पाहून आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा नंबर काढून, तो जुळल्यावरच पुढे गेलो. दरम्यान नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून पडदा तपासला. मोतीबिंदू किंवा पडद्याचा विकार आढळला नाही.

लांबचा नंबर उजव्या डोळ्यात +०.७५ आणि डाव्यात +१.०० सोबत −०.५० सिलिंडर (एकाच दिशेने लागणारा नंबर; अ‍ॅक्सिस म्हणजे त्याची दिशा), अ‍ॅक्सिस ९० असा निघाला. दोन्ही डोळ्यांची सरासरी +०.७५ धरता येते. जवळ पाहण्यासाठी डोळा स्वतःहून जो जोर लावतो, तो वयाबरोबर घटत जातो. बुवांमध्ये तो सुमारे २ डायॉप्टर (नंबर मोजायचे एकक) उरला होता. त्यातला निम्मा जोर राखून ठेवला तरच वाचन थकवा न येता होते, म्हणून हिशेबात १ डायॉप्टर धरला.

आता स्वस्त चष्मा का चालत होता ते उलगडते. +२.०० मधले ०.७५ लांबचा नंबर भरून काढण्यातच जातात आणि वाचनासाठी १.२५ उरतात. डोळा पूर्ण सैल असताना १.२५ डायॉप्टरने ८० सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते, तर स्वतःचा १ डायॉप्टर लावला की ४४ सेंटिमीटरपर्यंत जवळ येता येते. पेटीवरची वही या पट्ट्याच्या बरोबर मध्ये येत होती. शहरातल्या चष्म्यात लांबचा नंबर बरोबर होता, पण त्यावर वाचनासाठी मिळवायचा जास्तीचा नंबर म्हणून २.५० ची अ‍ॅड दिली होती. इतक्या अ‍ॅडने काचेच्या खालच्या भागातून फार तर ४० सेंटिमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. त्यापलीकडे डोळ्याने कितीही प्रयत्न केला तरी उपयोग नाही, कारण डोळा नंबर वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. तपासणीच्या खुर्चीत हातात धरलेल्या तक्त्यावरची सर्वांत बारीक ओळ जास्त अ‍ॅडने ठसठशीत दिसते आणि ग्राहक खूश होतो. मोजपट्टी कोणी काढत नाही.

जुन्या काचेची तपासणी

प्रोग्रेसिव्ह काचेवर कारखान्यातच अतिशय पुसट खुणा कोरलेल्या असतात. काच उजेडाकडे तिरकी धरून तिच्यावर तोंडाची हलकी वाफ सोडली की एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर असलेल्या दोन छोट्या खुणा दिसतात आणि कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडचा आकडा वाचता येतो. या खुणांवर मार्कर पेनने ठिपके देऊन कंपनीच्या तक्त्यावर काच ठेवली, म्हणजे जो फिटिंग क्रॉस बाहुलीच्या मध्यावर यायला हवा, त्याची जागा परत आखता येते.

तशी आखणी केल्यावर दोन दोष उघड झाले. बुवांच्या दोन बाहुल्यांमधले एकूण अंतर ६४ मिलिमीटर आहे, पण नाकाच्या मध्यापासून ते उजवीकडे ३०.५ आणि डावीकडे ३३.५ असे वाटले गेले आहे. दुकानात हे अंतर (पीडी) एकत्र मोजून त्याचे सरळ दोन भाग केलेले असावेत, कारण दोन्ही काचांचे क्रॉस ३२ वर होते. साध्या लांबच्या चष्म्यात, या नंबरला, दीड मिलिमीटरचा फरक बहुधा कोणाच्या ध्यानातही आला नसता. प्रोग्रेसिव्हमध्ये दोन्ही काचांमधली स्पष्ट दिसण्याची उभी वाट एकाच बाजूला, म्हणजे बुवांच्या उजवीकडे, सरकली होती आणि ती गाठण्यासाठी त्यांना चेहरा डावीकडे वळवावा लागत होता. "भजनाक बसले की ह्यांची मान तबलजीकडे," असे त्यांच्या पत्नीने हसत सांगितले. तबलजी त्यांच्या डाव्या हाताला बसतो.

ही वाट किती अरुंद असते हे समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. गुंटर मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने १९६३ मध्ये मांडलेल्या प्रमेयानुसार, काचेच्या मध्यरेषेवर नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने तिच्या दोन्ही बाजूंना नको असलेला सिलिंडर वाढत जातो. हा पृष्ठभागाच्या भूमितीचा नियम असल्यामुळे कोणत्याही कंपनीला तो चुकवता येत नाही. बाजूची अंधुकता कुठे आणि कशी पसरवायची, एवढेच काचेच्या आखणीकाराच्या हाती असते. बुवांच्या जुन्या काचेत २.५० ची अ‍ॅड ११ मिलिमीटर लांबीच्या आखूड कॉरिडॉरमध्ये (लांबच्या नंबरापासून वाचनाच्या नंबरापर्यंत उतरणाऱ्या वाटेत) कोंबली होती. ढोबळ हिशेबाने बाजूचा सिलिंडर दर मिलिमीटरला ०.४५ डायॉप्टर वाढतो आणि मध्यरेषेपासून जेमतेम १.१ मिलिमीटरवर तो अर्ध्या डायॉप्टरला पोचतो. वाटेची अर्धी रुंदी १.१ आणि क्रॉस सरकलेला १.५, म्हणजे मान सरळ ठेवून खाली पाहताना बुवांचा डोळा वाटेच्या बाहेरच होता. अ‍ॅड आणि पीडी यांचे दोष सुटे असते तर कदाचित निभावले असते, पण येथे पहिल्याने वाट अरुंद केली आणि दुसऱ्याने डोळ्याला तिच्याबाहेर ठेवले.

तिसरी गोष्ट फ्रेमची. फॅशनच्या अरुंद फ्रेममध्ये काचेची उभी उंची २७ मिलिमीटर होती, त्यामुळे आखूड कॉरिडॉर वापरण्यावाचून दुकानदाराला गत्यंतर नव्हते, आणि तेवढे करूनही वाचनाच्या भागाला खाली फक्त ४ मिलिमीटर जागा उरली होती. त्यातच किनाऱ्यावरची दमट, खारी हवा. नोज पॅडचे स्क्रू गंजले होते, पॅडच्या पाठीमागे हिरवा थर जमला होता, काड्या कानामागे नीट वाकवलेल्या नव्हत्या आणि घामाने फ्रेम नाकावरून ३ मिलिमीटर खाली उतरून बसत होती. वातानुकूलित दुकानात कोरड्या नाकावर घेतलेले माप कोकणातल्या दुपारी टिकत नाही. क्रॉस ३ मिलिमीटर खाली गेला की वाचनाचा भागही तेवढाच खाली जातो आणि तो गाठण्यासाठी हनुवटी वर करावी लागते.

नवी काच मागवण्यापूर्वी जुन्या फ्रेमचे पॅड बदलून आणि काड्या वाकवून ती मूळ उंचीवर बसवली आणि बुवांना तशीच आठवडाभर वापरायला दिली. हनुवटी वर करणे बंद झाले; डावीकडे वळणे आणि वहीचा अंधुकपणा तसाच राहिला. कोणत्या त्रासाचे मूळ कशात आहे हे त्यातून वेगळे काढता आले. असा प्रयोग फुकटात होतो आणि काही ग्राहकांचे काम तेवढ्यावरच भागते.

पर्याय

बुवांपुढे पहिला पर्याय बायफोकलचा ठेवला. एकाच चौकटीत दोन काचा बसवण्याचे श्रेय सामान्यतः बेंजामिन फ्रँकलिन यांना दिले जाते आणि १७८४ मधल्या त्यांच्या पत्रात त्या दुहेरी चष्म्याचा उल्लेख आहे. आज आपल्याकडे ग्राहक जिला 'डी' म्हणून ओळखतात, ती बायफोकल स्वस्त, टिकाऊ आणि वाचनाला ऐसपैस असते, आणि बुवांच्या मोजमापांत तिने वाईट काम केले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन नंबरांमधल्या रेघेपाशी चित्र एकदम उडी मारते, हा तिचा खरा दोष, आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर तो जाणवतो. बुवांनी ती नाकारली मात्र वेगळ्याच कारणाने. "रेघ दिसली की माणूस म्हातारो दिसता," ते म्हणाले. रोज तोंडावर घालायच्या वस्तूबाबत हे कारणही पुरेसे मानावे लागते.

रेघ नसलेल्या काचेचा पहिला पेटंट इंग्लंडमध्ये ओवेन एव्ह्स यांनी १९०७ मध्ये घेतला होता, पण बाजारात टिकलेली पहिली काच १९५९ ची, फ्रान्समधल्या बर्नार्ड मेतनाझ यांची व्हेरिलक्स. तेव्हापासून काचा पुष्कळ सुधारल्या, संगणकाच्या आज्ञेवर बिंदू-बिंदू घासल्या जाऊ लागल्या, पण बाजूच्या अंधुकतेचा नियम तोच राहिला.

फक्त जवळ आणि मधले अंतर दाखवणारी 'ऑफिस' काच हा आणखी एक पर्याय होता. भजनाला ती उत्तम ठरली असती, परंतु ती घालून स्कूटर चालवता येत नाही, आणि डोळ्यांवरचा चष्मा न काढता दुकानातून थेट कुडाळला निघणाऱ्या माणसाच्या हाती ती देणे मला योग्य वाटले नाही. शेवटी प्रोग्रेसिव्हच, पण वेगळ्या मापांनी, असे ठरले.

काय दिले आणि का

अ‍ॅड १.७५ ठेवली. डोळा सैल असताना तिने ५७ सेंटिमीटरपर्यंत आणि स्वतःचा १ डायॉप्टर लावून ३६ सेंटिमीटरपर्यंत दिसते, म्हणजे मोबाईल आणि उधारीची वही दोन्ही त्यात बसतात. ६२ सेंटिमीटरवरच्या भजनाच्या वहीला १.६० च लागतात आणि ते कॉरिडॉरच्या तळाच्या किंचित वर मिळतात. मांडी घालून बसलेल्या माणसाची नजरही तिथूनच खाली उतरते. मुदतीची तारीख वाचताना बुवांना पुडा थोडा दूर धरावा लागेल, हे आधीच सांगितले.

फ्रेम आधी निवडली आणि काच नंतर, कारण उलट क्रमाने गेल्यास काचेला फ्रेमची मनधरणी करावी लागते. टायटॅनियमची हलकी, हलवता येणाऱ्या सिलिकॉन पॅडची आणि ३४ मिलिमीटर उभ्या उंचीची फ्रेम घेतली. टायटॅनियमला खाऱ्या हवेत गंज चढत नाही, आणि पॅड हलवता येत असल्यामुळे पुढे उंची सुधारता येते. फ्रेम नाकावर व कानामागे पक्की बसवून, पुढचा कल सुमारे १० अंश ठेवून, बुवांना थोडे चालवून-वाकवून मगच माप घेतले. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर समोर बसून डेमो काचेवर बाहुलीचा मध्य टिपला, तो खालच्या कडेपासून २० मिलिमीटर भरला. प्रत्येक डोळ्याची पीडी वेगळी कळवली. एवढ्या उंचीत १४ मिलिमीटरचा कॉरिडॉर आरामात बसतो आणि वाचनाला खाली ६ मिलिमीटर उरतात. वरच्याच हिशेबाने आता बाजूचा सिलिंडर दर मिलिमीटरला ०.२५ डायॉप्टर वाढतो, म्हणजे वाट जवळजवळ दुप्पट रुंद झाली. हा फरक अ‍ॅड आणि कॉरिडॉर बदलून मिळाला. त्यासाठी वरच्या किमतीची काच घ्यावी लागली नाही.

या नंबरला पातळ, जास्त इंडेक्सची काच घेऊन काहीच साधत नाही. साधी १.५० इंडेक्सची काच कडेलाही जाड दिसत नाही आणि तिच्यातून रंगांच्या कडा फुटत नाहीत. खर्च करायचाच तर तो चमक कमी करणाऱ्या आणि पाणी न धरणाऱ्या कोटिंगवर करावा, असे सुचवले, कारण रात्री घाटरस्त्याला समोरच्या दिव्यांचा आणि पावसाच्या थेंबांचा त्रास असतो. कोटिंगचा किनाऱ्यावरचा शत्रू म्हणजे मीठ. वाऱ्याबरोबर येऊन काचेवर वाळलेले कण लुंगीच्या सोग्याने कोरडे पुसले की ओरखडे ठरलेलेच, म्हणून आधी गोड्या पाण्याखाली धरून मग पुसावे, असे बुवांना आणि त्यांच्या पत्नीलाही बजावले. सगळा चष्मा शहरातल्या चष्म्याच्या निम्म्याहून कमी खर्चात झाला.

पुढे काय झाले

पहिले काही दिवस दुकानाची जमीन किंचित वर आल्यासारखी वाटली आणि मान झटकन फिरवली की बाजूचे डबे हलल्यासारखे दिसले. नंतर ते थांबले. गणपतीत बुवा रोज रात्री बसले. मान सरळ राहिली, पण मिणमिणत्या उजेडाच्या एका घरात वही पुन्हा अंधुक वाटली. कमी उजेडात बाहुली मोठी होते, स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो आणि काचेतली लहानशी उणीवही जाणवू लागते. त्यावर उपाय म्हणून पेटीला लावायचा छोटा चार्जिंगचा दिवा घ्यायला सांगितले. त्यांनी तो घेतला.

वरच्या फळीचा प्रश्न प्रोग्रेसिव्हने सुटणारा नव्हता. वर पाहताना नजर काचेच्या लांबच्या भागातून जाते आणि हाताच्या अंतरावरचा डबा अंधुक दिसतो. बाजारातला तो +२.०० चा चष्मा आता दोरीने गल्ल्यापाशी टांगलेला असतो.

पायऱ्यांसाठी फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा करून दिला. पायाखालची पायरी दीड मीटरवर असते, पण खाली पाहताना नजर काचेच्या वाचनाच्या भागातून जाते आणि पायरीची कड पुसट होते. ऑस्ट्रेलियात पडण्याचा धोका असलेल्या वयस्कर मल्टिफोकलधारकांवर (बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांवर) झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, बाहेर नियमित वावरणाऱ्यांना असा साधा चष्मा दिल्यावर त्यांचे पडणे कमी झाले, मात्र फारसे बाहेर न पडणाऱ्यांच्या बाबतीत घराबाहेर तोल जाऊन पडण्याच्या घटना उलट वाढल्या. बुवा त्या वयाचे नाहीत, पण दिवसभर बाहेर वावरणारे आहेत आणि पायऱ्या चिऱ्याच्या आहेत. तो चष्मा ते फक्त पावसाळ्यात वापरतात. उरलेल्या महिन्यांत प्रोग्रेसिव्हच लावून हनुवटी छातीकडे नेत पायरी पाहण्याची सवय त्यांनी करून घेतली आहे. ही सवय चालेल, पण हातात सामान असताना ती मोडते, हे त्यांना दोनदा सांगून झाले आहे.

दर सहा महिन्यांनी पॅड बदलायचे आणि क्रॉसची उंची पुन्हा पाहायची, असे ठरले आहे. येत्या काही वर्षांत अ‍ॅड २.०० किंवा २.२५ कडे जाईल. तेव्हा पेटीवरची वही आणि मोबाईल एकाच काचेत बसवणे कठीण होईल, आणि भजनापुरती ऑफिस काच वेगळी करण्याचा विचार बुवांपुढे पुन्हा मांडावा लागेल. तोवर स्कूटरच्या डिकीत दुसरा चष्मा ठेवायची त्यांची तयारी आहे, असे ते म्हणतात.